नगरविकासातील सर्वसमावेशक लोकसहभाग

नगरविकासाच्या नव्या प्रयोगांत समाजाच्या सर्व थरांना निर्णयाचा वाटा देणे, यास सर्वसमावेशक लोकसहभाग म्हणतात. हरकती-सूचना मागविणे किंवा स्वच्छता मोहिमेत हातमोजे वाटणे, हेही व्यवहारात लोकसहभागातच जमा होते. शास्त्र मात्र यात पायऱ्या मानते. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये आठ पायऱ्यांची ‘सहभागाची शिडी’ मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर नागरिकाची केवळ समजूत घातली जाते. मधल्या तीन पायऱ्यांवर त्याला माहिती मिळते, त्याचे म्हणणे ऐकलेही जाते. निर्णयाची सूत्रे हाती येतात ती वरच्या तीन पायऱ्यांवर.

भारतात १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली. परंतु समावेशाची नेमकी व्याख्या पाहायची तर २०१४ चा पथविक्रेता अधिनियम वाचावा. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनीच निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. हातगाडीवाल्याच्या वाट्याचा आकडा कायद्यात लिहिला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

हा सहभाग प्रत्यक्षात कसा दिसतो, हे छत्रपती संभाजीनगरच्या उदाहरणातून पाहता येते. या शहराला नगर-नवोपक्रमाची परंपरा जुनी आहे. १६१० मध्ये खडकी या नावाने हे शहर वसविणाऱ्या मलिक अंबरने डोंगरपायथ्याचे भूगर्भातील पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. ‘नहर-ए-अंबरी’ ती हीच. पुढे खाम नदीकाठच्या पाणचक्कीत यात्रेकरू व फकिरांसाठी वाहत्या पाण्यावर दळण होऊ लागले. लाभ सर्वांचा, निर्णय मात्र राज्यकर्त्याचा, असे त्या काळच्या योजनांचे स्वरूप होते.

आधुनिक शहरासमोर सहभागाचा प्रश्न आला तो कचऱ्याच्या रूपाने. तीन दशकांहून अधिक काळ शहराचा कचरा नारेगावला जात होता. विहिरींचे पाणी बिघडले, धूर आणि माश्या नित्याच्या झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये परिसरातील ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या आणि कचरा शहरातच साचू लागला. पर्यायी जागेच्या शोधात मार्चमध्ये मिटमिट्याला हिंसक उद्रेक झाला. अर्नस्टाइनच्या शिडीवर नारेगावकरांना तळाचीही पायरी मिळाली नव्हती. नवी व्यवस्था घडली ती त्यांच्या नकारातून, असे माझे मत आहे. कोणत्याही आराखड्याला ते श्रेय देता येत नाही. ओला-सुका कचरा वेगळा घेण्याची पद्धत त्यानंतरच नेटाने राबविली गेली, आणि चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी येथील प्रक्रिया प्रकल्पांचा विषय मार्गी लागला.

या व्यवस्थेतील खरे तज्ज्ञ कचरावेचक. दुधाची पिशवी वेगळी, वेफर्सचे चकचकीत पाकीट वेगळे. बोटांत चुरगाळून निघणाऱ्या आवाजावरून अनुभवी बाई प्लास्टिकचा प्रकार सांगते आणि भंगारवाल्याकडे कशाला भाव आहे हेही तिला ठाऊक असते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, ती उशिरा का होईना, योग्यच.

कचऱ्यामागोमाग खाम नदीकडे लक्ष गेले. महानगरपालिका, छावणी परिषद, स्मार्ट सिटी, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हॅरॉक हा उद्योगसमूह यांनी एकत्र येऊन नदीचे पुनरुज्जीवन हाती घेतले. पात्रातील गाळ-राडारोडा निघाला, लोखंडी पुलालगतचा काठ लोकांना बसण्याजोगा झाला, श्रमदानाला शाळकरी मुलेही आली.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे लोकसहभागाचा हा गाजलेला काळ नगरसेवकांविना गेला. काम वेगाने झाले हे मान्य. पण काठावरच्या वस्तीतील माणसाने तक्रार घेऊन ज्याच्या दारी जावे, तो प्रतिनिधीच त्या वर्षांत नव्हता.

शहर ओलांडल्यावर खाम वाळूजच्या बाजूने नाथसागराकडे जाते. शहराचे पिण्याचे पाणी त्याच जलाशयातून येते. वाटेतली गावे महापालिका हद्दीबाहेरची असल्याने शहराच्या कोणत्याही प्रभाग समितीत त्यांना जागा नाही.