बार्बाडोसचा उंसाचा सण

जुन्या भूगोलाच्या पुस्तकांतून वेस्ट इंडीज बेटांची वासलात एका ओळींत लागत असे. तेथें साखर होते, एवढें मुलांनीं पाठ केलें कीं संपलें. पस्तीस वर्षें मीं वर्गांत ती ओळ म्हणवून घेतली. ओळ खोटी नाहीं. परंतु तिच्या पोटांत किती गोष्टी सांठलेल्या आहेत हें पाहावयाचें असेल, तर जुलैच्या अखेरीस बार्बाडोस बेटावर जावें. त्या वेळीं तेथें क्रॉप ओव्हर नांवाचा सण चालू असतो. नांवाचा अर्थ अगदीं सरळ आहे : पीक संपलें. हें पीक म्हणजे ऊंस. ह्या सणाची हकीकत, आणि तेथें जाणारानें काय पाहावें, हें आज आपणांस सांगणार आहें.

बार्बाडोस हें कॅरिबियन बेटांपैकीं सर्वांत पूर्वेकडील बेट. वास्तविक त्याच्या चोहों बाजूंस अटलांटिक महासागरच आहे. लांबी सुमारें ३४ किलोमीटर, रुंदी २३, आणि लोकवस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास. शेजारचीं बहुतेक बेटें ज्वालामुखींनीं घडविलेलीं, उंच डोंगरांचीं. हें मात्र प्रवाळाच्या चुनखडीचें व बऱ्याच अंशीं सपाट आहे. ही सपाट जमीन हेंच त्याचें वैभव आणि हेंच त्याचें दुर्दैव. १६२७ सालीं इंग्रज तेथें वसले, आणि ३० नोव्हेंबर १९६६ रोजीं देश स्वतंत्र होईपर्यंत तें बेट दुसऱ्या कोणाच्या हातीं गेलें नाहीं. २०२१ सालीं त्याच तारखेस तेथें प्रजासत्ताक स्थापन झालें.

आरंभीं तेथें तंबाखू व कापूस लावीत. १६४० नंतरच्या दशकांत डचांच्या ताब्यांतील ब्राझीलमधून साखर करण्याची विद्या आली, आणि एका पिढीच्या आंत सारें बेट उंसाखालीं गेलें. तोडलेला ऊंस पडून राहिला कीं रस बिघडतो, हें आपल्याकडील शेतकऱ्यांस सांगावयास नको. तोडणी, वाहतूक, गाळप आणि काहिलीखालचा जाळ हीं सर्व एकाच दमांत चालावीं लागतात. त्या बेटावर चरक पवनचक्क्यांवर फिरत. एके काळीं तेथें पांचशेंहून अधिक पवनचक्क्या होत्या. जानेवारी-फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत हें काम रात्रंदिवस चाले, आणि तें करण्याकरितां आफ्रिकेंतून माणसें गुलाम म्हणून विकत आणलेलीं असत. १६६१ च्या कायद्यानें त्यांच्यावरील मालकांचा अधिकार लेखी बांधून टाकला. १६८८ च्या कायद्यानें त्यांना ढोल व शिंगें वाजविण्याचीही बंदी झाली. ढोलाच्या आवाजावर माणसें एकत्र जमतात, हें मालकांना पक्कें ठाऊक होतें.

अशा ठिकाणीं हंगाम संपल्याचा आनंद कसा असेल, हें निराळें सांगणें नकोच. शेवटच्या उंसाच्या गाड्या फुलांनीं व रंगीत चिंध्यांनीं सजवीत, बैलांनाही नटवीत, बायका डोक्यास पांढरीं फडकीं बांधून पुढें चालत, आणि मिरवणूक मळ्याच्या आवारांत येई. मग जेवण, नाच, तेल माखलेल्या खांबावर चढण्याच्या शर्यती असा कार्यक्रम होई. गाडीवर एक बुजगावणें बसविलेलें असे. उंसाच्या पाचटानें भरलेल्या ह्या बाहुल्याला जुना कोट व टोपी घालून त्याचें नांव मिस्टर हार्डिंग ठेवीत. इंग्रजींत हार्ड म्हणजे कठीण. हे मिस्टर हार्डिंग म्हणजे येणारे कठीण दिवस. कोणी त्यांत क्रूर मुकादमाचेंही रूप पाहतात. पुढील काळीं मजूर मोकळे झाले तरी पीक संपलें कीं मजुरी संपे, आणि पुढल्या हंगामापर्यंत घरांत चूल कशी पेटावयाची हा प्रश्न उभा राही. म्हणून नाच होई आणि शेवटीं ह्या हार्डिंगसाहेबांना जाळीत. ज्या दिवशीं आनंद, त्याच दिवशीं उपासाची चाहूल, असा हा चमत्कारिक सण होता.

१७९८ सालीं न्यूटन नांवाच्या मळ्याच्या व्यवस्थापकानें पीक संपल्याबद्दल गुलामांना जेवण व नाच दिल्याची नोंद आहे. ह्याच न्यूटन मळ्यावर गुलामांची दफनभूमि आहे. १९७० नंतरच्या दशकांत संशोधकांनीं तेथें उत्खनन केलें. तेथें पांचशेंहून अधिक माणसें पुरलेलीं असावीं असा अंदाज आहे. कोणाच्याही डोक्याशीं नांवाचा दगड नाहीं. क्राइस्ट चर्च परगण्यांतील ही जागा पाहावयास फार वेळ लागत नाहीं. सणाकरितां जाणारानें मिरवणुकीच्या आधीं येथें यावें, असें मी सांगेन.

गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजीं कायद्यानें संपली. बार्बाडोसवरील सुमारें ८३ हजार माणसें त्या दिवशीं मुक्त झालीं, पण तीं नांवाचींच. उमेदवारीच्या नांवाखालीं त्यांना आणखी चार वर्षें जुन्या मालकाकडे राबावें लागलें. खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ रोजीं झाली. ब्रिटिश सरकारनें साम्राज्यांतील मालकांना नुकसानभरपाई म्हणून दोन कोटि पौंड दिले. गुलामांना एक पै मिळाली नाहीं. येथें हिंदुस्थानचा संबंध येतो. गयानांत १८३८ पासून आणि त्रिनिदादमध्यें १८४५ पासून मळेवाल्यांनीं आपल्या देशांतील माणसें करारानें नेलीं, कारण तेथें मोकळी जमीन पुष्कळ होती आणि मुक्त झालेले मजूर मळा सोडून जाऊं शकत. बार्बाडोसांत सारी जमीन मळ्यांचीच. जाणार कोठें? मजूर तेथेंच राहिले, म्हणून मळेवाल्यांना आमच्या माणसांची गरजच पडली नाहीं.

विसाव्या शतकांत साखरेचे दिवस फिरले. १९३७ सालीं बेटावर दंगे झाले व चौदा माणसें मारलीं गेलीं. पुढें महायुद्ध आलें. आणि १९४० नंतरच्या दशकांत हा सण बंद पडला. १९७४ सालीं तो पुन्हां सुरू झाला. ह्यांत पर्यटन खात्याचा हात होता, कारण गोऱ्या देशांतील पाहुणे थंडींत येतात आणि उन्हाळ्यांत हॉटेलें रिकामीं राहतात. हेतु व्यापाराचा होता हें उघड आहे. तथापि लोकांनीं तो सण आपलासा केला, हेंही तितकेंच खरें. शेवटच्या उंसाची गाडी पुन्हां समारंभानें आणूं लागले. सर्वांत अधिक ऊंस तोडणाऱ्या पुरुषाला व स्त्रीला राजा-राणीचा मान मिळूं लागला. साथीमुळें २०२० व २०२१ सालीं सण झाला नाहीं. २०२२ पासून तो पुन्हां भरतो.

आतां पाहावयाचें काय? मुख्य दिवस ऑगस्टचा पहिला सोमवार. त्या दिवशीं ग्रँड कडूमेंट नांवाची प्रचंड मिरवणूक निघते. त्यांच्या बोलींत कडूमेंट म्हणजे मोठी धामधूम. पिसें व मणी ल्यालेले हजारों लोक सोका नांवाच्या संगीतावर नाचत समुद्राकडे जातात. देखावा डोळे दिपविणारा आहे. पण पिसें त्रिनिदादचींही तशींच आणि दुसऱ्या बेटांचींही तशींच. माझें मत विचाराल तर कॅलिप्सोच्या स्पर्धेचें तिकीट आधीं काढावें. तेथील गायक सरकारला, व्यापाऱ्याला, प्रसंगीं पाहुण्यालाही चिमटे काढतो. १९८२ सालीं माइटी गॅबी ह्या गायकानें एक कॅलिप्सो म्हटलें. हॉटेलांच्या सोयीसाठीं समुद्रकिनारा स्थानिक लोकांना बंद होऊं नये, हा त्याचा विषय. ज्या पाहुण्यांसाठीं सण पुन्हां उभारला, त्यांच्याच तोंडावर हें गाणें! सणांत जीव आहे तो ह्यामुळें.

दुसरी गोष्ट टक वाद्यमेळाची. मोठा ढोल, लहान ढोल आणि एक बांसरी, बस्स. बाहेरून पाहावें तर ही इंग्रज पलटणीच्या बँडची नक्कल. पण ठेका हळूहळू जलद होत जातो आणि तो आफ्रिकेचा असतो. बंदी घातलेला ढोल असा दुसऱ्याच्या अंगरख्यांत शिरून परत आला. त्याच्याबरोबर उंच काठ्यांवर चालणारा मनुष्य आणि मागेंपुढें गादी बांधलेली मदर सॅली ही सोंगें असतात.

प्रवासाविषयीं थोडेंसें. तेथील घड्याळ आपल्यामागें साडेनऊ तास. हे दिवस वादळांच्या मोसमांतले. १ जुलै २०२४ रोजीं बेरिल वादळानें कोळ्यांच्या कितीतरी होड्या फोडल्या, तेव्हां हवामानाची बातमी रोज ऐकावी. लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊं नयेत. ते घालणें कायद्यानें मना आहे. किनाऱ्यावरील मँचिनील झाडाचा चीक विषारी असतो. पाऊस आला तरी त्याखालीं उभें राहूं नये. जेवणांत मक्याचें पीठ व भेंडी घोटून केलेलें कूकू मिळतें. मांसाहारी मंडळींना त्याबरोबर उडत्या माशाचें कालवण. पांच डॉलरची नोट हातीं आली तर तीवरील चेहरा नीट पाहावा. ते फ्रँक वॉरेल. १९६२ च्या मार्चमध्यें ह्याच बेटावर भारताचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्या डोक्यास चेंडू लागून प्राणावर बेतलें, तेव्हां चंदू बोर्डे व बापू नाडकर्णी ह्यांच्याप्रमाणेंच प्रतिपक्षाच्या ह्या कप्तानानेंही त्यांच्यासाठीं रक्त दिलें.

राहतां राहिला ऊंस. १९६० नंतरच्या दशकांत बेटावर वर्षाला दोन लाख टनांच्या आसपास साखर निघे. आज तिचा लहानसा अंश निघतो, आणि पोर्टव्हेल हा एकच कारखाना उरला आहे. तोडणीही बरीचशी यंत्रानेंच होते. मॉर्गन लुइस येथें एक पवनचक्की जतन करून ठेवली आहे, ती पाहावी. पण ऑगस्टांत कोयता चालतांना कोठेंही दिसणार नाहीं. उभा ऊंस तेवढा वाऱ्यावर हलत असतो. तोडणी पाहावयाची असेल तर फेब्रुवारी ते मे ह्या दिवसांत जावें. त्या वेळीं मात्र रस्त्यावर ढोल नसतो.