मरगळलेलं ऑर्किड

पानं सुरकुतली की आपण आणखी पाणी घालतो, आणि तिथेच ऑर्किड दगावतं. भेट म्हणून घरी येणारं फॅलेनॉप्सिस मूळचं झाडाच्या खोडावर वाढणारं. त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. म्हणून आधी ते कुंडीतून काढून मुळं चाचपावीत. टणक, चंदेरी किंवा हिरवी मुळं जिवंत असतात. तपकिरी, पिचपिचीत झालेली स्वच्छ कात्रीनं कापून टाकावीत. माती अजिबात नको. भोकं असलेल्या लहान कुंडीत लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे पुरतात. उजेड भरपूर हवा, दुपारचं ऊन नको. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्यावं, पण पानांच्या बेचक्यात ते साचू देऊ नये. पावसाळ्यात तर मुळीच साचू देऊ नये. नवं मूळ फुटेपर्यंत खत थांबवावं. फुलांसाठी कधीकधी वर्षभरही वाट पाहावी लागते, आणि ती जरूर पाहावी.