एकचाकी सायकल: आधी उतरायला शिका

म्हैसूरला सायकलीचं अप्रूप नाही. 2017 साली ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक सायकल योजना इथे सुरू झाली, आणि सकाळी चामुंडीचा चढ सायकलने चढणारी मंडळीही नेहमी दिसतात. एकचाकी मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी सर्कशीतच पाहिलेली असते. त्या सर्कशीशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 साली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पुढे थलश्शेरीला त्यांची गाठ कीलेरी कुन्हिकण्णन या कसरतपटूंशी पडली, आणि कुन्हिकण्णन यांनी 1901 साली सर्कशीची शाळा काढली. म्हैसूरहून कोडगूमार्गे घाट उतरला की हेच थलश्शेरी लागतं.

तंबूत आपल्याला उंच एकचाकीवरची दोन मिनिटं दिसतात. त्यामागची वर्षांची तालीम दिसत नाही, पडायचं कसं याचा सराव तर नाहीच नाही. म्हणून हे सगळं टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवात साध्या, 20 इंची एकचाकीपासून. एक चाक, त्याच्या आसाला थेट जोडलेले क्रँक म्हणजे पॅडलचे दांडे, वर फोर्क आणि सीट, एवढाच तिचा पसारा. नेहमीच्या सायकलीला फ्रीव्हील असतं, त्यामुळे पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. इथे तसं काही नाही. पाय थांबले की चाक थांबतं, पाय उलटे फिरवले की चाक मागे जातं. तोल सांभाळायचा तो यावरच. तळहातावर काठी उभी धरली, की ती झुकेल तिकडे आपण हात नेतो; तसंच शरीर झुकेल तिकडे चाक न्यायचं.

गाडी हाती आली की पहिली चूक पॅडल बसवतानाच होते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पॅडलच्या दांडीच्या टोकाला एल किंवा आर असं कोरलेलं असतं. एल डाव्या पायाला, आर उजव्या पायाला. नवख्याला सीटची पुढची बाजू ओळखू येत नाही आणि तो अख्खी गाडी उलटी धरून चालवतो. मग दर फेरीला पॅडल सैल होत जातं, कुरकुर ऐकू येते, आणि शेवटी क्रँकमधले आटेच खरडून निघतात. तो क्रँक पुन्हा कामाला येत नाही. कुरकुर ऐकू आली की लगेच उतरा आणि अक्षरं तपासा.

सीटची उंची अशी ठेवा, की खालच्या पॅडलवर पाय असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. भीतीपोटी सीट फार खाली घेतली, तर पाच मिनिटांत मांड्या भरून येतात.

आता भिंतीशेजारी किंवा कठड्याशेजारी उभे राहा. एक हात आधाराला ठेवून सीटवर बसा आणि वजन खरोखर सीटवर टाका. सगळा भार पायांवर घेतला तर चाक अडतं, सुटतं, पुन्हा अडतं. नजर चाकाकडे नको, पाच-सहा मीटर पुढे असू द्या. अर्ध्या अर्ध्या फेऱ्यांनी पुढे सरका. रोज थोडा सराव केला तर दहा-पंधरा तासांत बऱ्याच जणांना आधार सोडून काही अंतर जाता येतं. अडतात ते आधाराला चिकटून राहणारे. दोन-तीन बैठकी झाल्या, की भिंतीपासून मोकळ्या जागेकडे निघायला हवं.

याच वेळी उतरणं शिकून घ्या. बहुतेक वेळा चाक मागे निसटतं आणि आपण पुढे पायांवर येतो. हे पडणं सौम्य असतं. चाक पुढे पळालं तर आपण पाठीवर जातो, आणि ते वाईट. म्हणून मागच्या बाजूला उतरायचा मुद्दाम सराव करा. एका हाताने सीटचं पुढचं टोक धरायचं, खालच्या पॅडलवर भार द्यायचा आणि दुसरा पाय मागे जमिनीवर टेकायचा. हेल्मेट हवंच. मनगटाचं संरक्षक कडं आणि नडगीचे पॅड हवेत, कारण पॅडलच्या टोकदार खिळ्यांनी नडगी सोलून निघते. बुटाच्या नाड्या आत खोचा. जागा सपाट आणि मोकळी बघा: शाळेचं पटांगण, सकाळी रिकामी असलेली वाहनतळाची फरशी. देवराज अर्स रस्त्याची गर्दी यासाठी नव्हे.

आधाराशिवाय चढणं, शंभर मीटर सरळ जाणं, दोन्ही बाजूंना वळणं, जागच्या जागी चाक पुढे-मागे झुलवत थांबणं आणि हवं तेव्हा उतरणं जमलं, की मगच विचित्र गाड्यांकडे वळा. त्या प्रत्येक गाडीत आपला एखादा आधार काढून घेतलेला असतो.

सगळ्यांना खुणावते ती उंच एकचाकी. तिला जिराफ म्हणतात. पॅडल वर असतात आणि चेन खालच्या चाकाला फिरवते. उंचीमुळे ती हळू कलते, त्यामुळे सावरायला उलट थोडा जास्त वेळ मिळतो. हे ऐकून पुष्कळांना धीर येतो. पण पाय जमिनीपासून मीटरभर वर असतात. तेवढ्या उंचीवरून खाली येताना जमिनीला लागेपर्यंत ताशी सुमारे 16 किलोमीटरचा वेग येतो. म्हणून गाडी बाजूला ठेवा आणि आधी तेवढ्या उंचीच्या ओट्यावरून उड्या मारा: दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, हात न टेकता. ही उडी सहज जमेपर्यंत वर चढू नका.

पहिल्यांदा चढताना दोन्ही बाजूंना एकेक धडधाकट माणूस हवा. समोर कोणी उभं राहू नये, कारण आपण तिकडेच उडी मारणार. वर बसल्यावर आधार धरूनच चाक थोडं पुढे-मागे झुलवा, मग निघा. तोल गेला तर गाडी मागे सोडून द्या. तिला वाचवायला गेलेला माणूस तिच्यातच अडकतो. वर विजेची तार किंवा झाडाची फांदी नाही, हेही आधी बघा.

जिराफात खरा दगा देते ती चेन. ती निसटली तर पायाखालचा विरोध एकदम नाहीसा होतो आणि माणूस काही कळायच्या आत पुढे फेकला जातो. दर वेळी चढण्यापूर्वी चेन मधोमध बोटाने दाबून पाहा. ती थोडीशीच हलायला हवी. चाक फोर्कमध्ये सरळ आहे का आणि नट घट्ट आहेत का, तेही बघा. जुन्या सायकलींचे सांगाडे जोडून वेल्डिंगवाल्याकडून जिराफ करून घेण्याची हौस अनेकांना असते. तिथे चाकावर नेहमीचं फ्रीव्हील राहिलं तर पाय मागे दाबून तोल सावरताच येत नाही. फ्रीव्हीलच्या जागी नुसतंच पक्कं दातेरी चक्र फिरवून बसवलं, तर मागे दाब देताच ते उलगडत येतं. त्याला लॉकरिंग, म्हणजे उलट्या आट्यांची अडवणारी कडी, हवीच. वेल्डिंगच्या सांध्यावर केसाएवढी जरी भेग दिसली, तरी गाडी बाजूला ठेवावी.

एकावर एक तीन चाकं रचलेल्या गाडीत चेन नसते, टायरच टायरला फिरवतो. चाकं तीनच का? एकमेकांना टेकलेली चाकं उलटसुलट फिरतात. दोनच असती तर पुढे जायला पॅडल मागे मारावं लागलं असतं. टायर ओले झाले की हा सगळा खेळ घसरतो, म्हणून पावसाळ्यात हिच्या वाटेला जाऊ नये.

बिनसीटची गाडी म्हणजे चाक आणि पॅडल, बस्स. उंची कमी असल्याने पडण्याची भीती फारशी नाही, पण टायर पोटरीला आतून घासतो. जाड, लांब पँट घाला. सगळं वजन पायांवर असल्याने पॅडल उभ्या रेषेत आले की चाक अडतं, आणि तिथेच माणूस उतरतो. पॅडलही काढून नुसत्या पावट्या ठेवलेली गाडी तर उतारावर घरंगळतच चालते. चाक पाय मारून सावरता येत नाही. तिच्याकडे सगळ्यात शेवटी वळावं, किंवा वळूही नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

36 इंची मोठं चाक दिसायला सौम्य, पण ते एका फेरीत सुमारे 2.9 मीटर जातं. 20 इंची जेमतेम 1.6 मीटर. ताशी 20 किलोमीटरने जाताना मोठ्या चाकावर मिनिटाला 116 फेऱ्या होतात. तोल गेला तर त्याच वेगाने जमिनीवर धावावं लागतं, आणि ते प्रत्येकाला जमत नाही. धावत सावरता येईल, त्याहून जास्त वेग घेऊ नका. चामुंडीचा रस्ता शहरापासून जवळजवळ 300 मीटर चढतो. एकचाकीने चढणं दमवतं, पण उतरणं घातक, कारण फ्रीव्हील नसल्याने सगळा वेग गुडघ्यांनी रोखावा लागतो. ब्रेक नसलेली गाडी घेऊन तिथून उतरू नका. ब्रेक असला तरी बसगाड्यांच्या वेळा टाळा.

एक शेवटचं. हात टेकून पडलात आणि अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या खळग्यात, दाबल्यावर दुखत असेल, तर मुरगळलं असेल म्हणून तेल चोळत बसू नका. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं तर पहिल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसत नाही, आणि उपचार लांबला तर जुळायला फार त्रास देतं. डॉक्टरांना कसे पडलात ते नीट सांगा, आणि दुखणं थांबलं नाही तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा दाखवा.