वेड लागले म्हणजे नेमके काय झाले?

गेल्या पावसाळ्यातील एक संध्याकाळ. पनवेलच्या आमच्या खोलीच्या दारात आमच्याच कार्यालयातील एका शिपायाची पत्नी येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला केसपेपर. आत यायलाही त्या संकोचत होत्या.

"भाऊ, यावर काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा. शेजारी म्हणतात, यांना वेड लागलंय. सासूबाई म्हणतात, कुणीतरी करणी केली. मी कुणाचं खरं धरू?"

कागदावर डॉक्टरांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली होती व पुढे ‘एफ ३२.१’ असा आकडा टाकला होता. त्या आकड्याचा अर्थ आम्हांलाही कळला नाही. पण हा माणूस आजारी आहे एवढे कळले आणि आमची मान खाली गेली. कारण तीनच आठवड्यांपूर्वी ‘वारंवार विनापरवानगी गैरहजर, कामात लक्ष नाही’ अशी टिपणी त्याच्या नावे आम्हीच लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. त्यावर मेमोही निघाला होता.

शेजाऱ्यांनी त्याला वेडा ठरविले, घरच्यांनी बाधा ठरविली आणि आम्ही शिकलेल्या माणसांनी कामचुकार ठरविले. तिघांचेही निदान चुकले होते. पुढे वहिनींबरोबर आम्ही डॉक्टरांकडे गेलो, कायद्याची प्रत मिळवून वाचली, जाणकारांना विचारले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आकड्यामागे काय असते?

जागतिक आरोग्य संघटना जगातील सर्व आजारांची एक यादी ठेवते. या यादीच्या दहाव्या आवृत्तीत ‘एफ’ या अक्षराखाली ‘मानसिक व वर्तनविषयक विकार’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांची सविस्तर वर्णने १९९२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ‘एफ ३२’ म्हणजे नैराश्याचा आजार व ‘.१’ म्हणजे तो मध्यम तीव्रतेचा. वेड हा शब्द त्या यादीत कोठेच नाही! अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली व त्यात आकडे बदलले. पण हाती येणाऱ्या कागदांवर जुने आकडेही दिसतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे असेच वेगळे पुस्तक आहे. ते प्रथम १९५२ साली निघाले व त्याची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली.

ही यादी कशासाठी? आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. खतावणीत रक्कम चुकीच्या खात्यावर गेली की कितीही रात्री जागवा, ताळेबंद जुळत नाही. आजाराचेही तसेच आहे. नाव चुकले की उपचार चुकतो, पैसा जातो आणि माणूसही हातचा जातो.

डॉक्टर काय विचारतात?

मलेरिया रक्तात दिसतो, हाड मोडले तर फोटोत दिसते. नैराश्य असे कोणत्याही एका तपासणीत दिसत नाही. म्हणून तज्ज्ञ प्रश्न विचारतात. त्रास कोणता? तो किती दिवसांपासून? किती तीव्र? त्यामुळे झोप, जेवण, काम, नातीगोती यांपैकी काय बिघडले? आणि शेवटी, याचे दुसरे काही कारण तर नाही ना?

दुःख कोणाला होत नाही? कारखाना बंद पडला, पोर नापास झाले, घरातले माणूस गेले, तर रडू येणारच. ते माणूसपणाचे लक्षण आहे. परंतु दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज मन बुडालेले राहिले, आवडीच्या गोष्टीत रस उरला नाही, झोप व भूक बिघडली, थकवा जाईना, ‘आपण कुचकामी’ असे वाटू लागले, मरणाचे विचार येऊ लागले आणि रोजचे काम होईना, तर तज्ज्ञ त्याला नैराश्य म्हणतात. जिवलगाच्या मृत्यूनंतरच्या शोकालाही नव्या यादीत आजार म्हणण्यापूर्वी निदान सहा महिने जाऊ द्यावे लागतात. शिवाय तो शोक त्या समाजाच्या रीतीपेक्षा फार जास्त आहे का, हेही पाहावे लागते.

आमच्या शिपाईबंधूंची हकीगत या कसोटीला लावून पाहा. तीन महिने पहाटे तीनला जाग येत होती. ते घरून डबा घेऊन निघत आणि पनवेल स्थानकाच्या बाकावर बसून राहत. गाडी समोरून जाई, पण उठवत नसे. आम्ही हजेरीपटावर लाल शाईने खूण करीत होतो. एकदाही विचारले नाही की, ‘बाबा, तुला होतंय तरी काय?’

एका शब्दाखाली किती आजार?

‘वेडा’ या एका शब्दाखाली आपण अनेक वेगळ्या गोष्टी कोंबतो. त्या वेगळ्या करून पाहू.

कोणी नसताना आवाज ऐकू येणे, सगळे आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असा पक्का ग्रह होणे, बोलणे विस्कळीत होणे, असे महिनाभर वा अधिक चालले तर तो स्किझोफ्रेनिया असू शकतो. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. काही जणांच्या मनाचा झोपाळा दोन टोकांना जातो. कधी आठवडा आठवडा झोप नाही, अफाट उत्साह, उधळपट्टी आणि कधी खोल उदासी. हा बायपोलर आजार. पुन्हा पुन्हा हात धुणे, कडी तपासणे, आणि हे निरर्थक आहे हे कळूनही न थांबवता येणे, याला आपल्या भाषेत मंत्रचळ असा जुना शब्द आहे. छाती धडधडून ‘आता मरतो’ असे वाटते, पण हृदय ठीक निघते, तेव्हा तो अतिचिंतेचा झटका असू शकतो.

वर्तनाचे विकार वेगळे. वर्गात एका जागी न बसणारे प्रत्येक मूल आजारी नसते. लक्ष न लागणे व अतिचंचलता निदान सहा महिने टिकली, ती बारा वर्षांच्या आत सुरू झाली आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसली, तरच तज्ज्ञ त्याला विकार मानतात. केवळ एका शिक्षकाची तक्रार पुरेशी नाही. दारूचे व्यसनही याच यादीत आहे. ताबा सुटणे, न घेतल्यास हातपाय थरथरणे, नुकसान दिसत असूनही पीत राहणे ही त्याची लक्षणे. माताभगिनींनो, याचा अर्थ मारझोड माफ असा मुळीच नाही. मारझोड हा गुन्हाच आहे. परंतु व्यसन सोडविण्यास नुसती शपथ पुरत नाही, उपचार लागतो.

आणि या दोन गोष्टी तर मनाचे आजार नाहीतच. जन्मापासून बुद्धीची वाढ कमी असणे हे अपंगत्व आहे, मनोरुग्णता नव्हे. फिट येणे, ज्याला आपण मिरगी म्हणतो, तो मेंदूचा आजार आहे. कांदा हुंगवून वा चप्पल नाकाशी धरून तो बरा होत नाही, गोळ्यांनी आटोक्यात येतो.

शरीराचीही तपासणी आधी हवी. थायरॉइड बिघडले तरी माणूस सुस्त व उदास होतो. डोक्याला मार, जोराचा ताप, गांजा यांनीही भ्रम होतो. म्हणूनच डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. ते ‘पैसे काढण्यासाठी’ नव्हे, तर दुसरे कारण वगळण्यासाठी.

आणि अंगात येणे?

वहिनींच्या सासूबाईंचा प्रश्न टाळून चालणार नाही. जागतिक यादीने अंगात येण्याचाही विचार केला आहे. समाजाने मान्य केलेल्या धार्मिक विधीत ते घडत असेल तर यादी त्याला आजार म्हणत नाही. पण ते नको असताना वारंवार घडते, त्या व्यक्तीला त्रास होतो, संसार विस्कटतो, तेव्हा तो विकार ठरतो. घुमणाऱ्या बाईच्या मनात न बोलता आलेले काहीतरी साचलेले असू शकते. तिला भगताची काठी नको, ऐकून घेणारे माणूस हवे.

भूत उतरविण्याच्या नावाखाली दोरखंडाने वा साखळीने बांधणे, काठी-चाबकाने मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. साखळीचे परिणाम देशाने पाहिले आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या झोपडीवजा आश्रमाला पहाटे आग लागली. साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण जळून मेले.

नाव देण्याचा अधिकार कोणाचा?

आजाराचे नाव दुधारी असते. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने असे लिहिले की, मालकाकडून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना ‘ड्रेपटोमॅनिया’ नावाचा मनोरोग झालेला असतो. आणि त्यावर उपाय काय, तर चाबूक! स्वातंत्र्याची ओढ हाच रोग ठरविला. समलिंगी माणसांनाही अमेरिकेच्या यादीने १९७३ पर्यंत रोगी मानले होते. मान वर करून चालणाऱ्याला, हक्काचे पाणी मागणाऱ्याला ‘याचे डोके फिरले आहे’ म्हणणारे आपल्याही वाडवडिलांनी पाहिले. म्हणून ‘हा वेडा’ असे कोणी म्हटले की आपण आधी विचारले पाहिजे: कोण म्हणतो, आणि कशावरून?

आपल्या देशात १९१२ च्या कायद्याचे नावच ‘लुनसी’, म्हणजे वेडेपणाचा कायदा, असे होते. त्याची जागा १९८७ च्या कायद्याने व पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घेतली. हा नवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याची व्याख्या पाहा. विचार, भावस्थिती, आकलन, दिशाकाळाचे भान वा स्मृती यांत मोठा बिघाड होऊन निर्णयशक्ती, वर्तन, वास्तव ओळखण्याची क्षमता किंवा रोजच्या गरजा भागविण्याची शक्ती फार बाधित होते, तो मानसिक आजार. दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही त्यात येतात. कलम ३ तर प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. कोणाची राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थिती, त्याचा धर्म, वंश वा सांस्कृतिक गट यांवरून त्याला मनोरुग्ण ठरविता येत नाही. समाजाच्या रूढी व धर्मश्रद्धा तो मानत नाही, हेही कारण चालत नाही. पूर्वी उपचार झाले होते, एवढ्यावरूनही शिक्का मारता येत नाही. रुग्णाला साखळीने बांधण्यास याच कायद्याने बंदी आहे.

नोकरदारांसाठी आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, की खालच्या पदावर टाकता येत नाही.

आपण काय करावे?

औषधे लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे शिकलेला डॉक्टर असतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, औषध देत नाही. पुष्कळदा दोघांची गरज लागते. जवळच्या सरकारी रुग्णालयात आधी चौकशी करावी. ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे व पनवेलहून ठाण्याला थेट लोकल जाते. प्रवास शक्य नसेल तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, रात्रीबेरात्रीही बोलता येते. मरणाची भाषा कोणी केली तर ‘नाटक करतो’ म्हणू नये. त्याला एकटे सोडू नये.

आपल्याच रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या गावी, त्यांच्या माणसांत पोहोचविते. या कामासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्थानकाबाहेर ज्याला आपण ‘वेडा’ म्हणून ओलांडून जातो, त्याचीही कोणीतरी घरी वाट पाहत असते.

आमच्या शिपाईबंधूंचे काय झाले? डॉक्टरांच्या दाखल्यासह आम्ही नवी टिपणी लिहिली आणि ‘पूर्वीची टिपणी पूर्ण माहिती न घेता लिहिली होती’ हे वाक्य स्वतःहून त्यात घातले. त्यांची रजा वैद्यकीय रजा म्हणून मंजूर झाली. गोळ्या सुरू झाल्या, पण गुण यायला काही आठवडे लागले. आज ते कामावर आहेत. कार्यालयात अजून कोणी कुजबुजते. वहिनी मात्र आता विचारणाऱ्याला सरळ सांगतात, "यांना नैराश्याचा आजार होता. औषध चालू आहे."

योग्य नाव मिळाले आणि त्या घराची भीती गेली. आपल्याही ओळखीत कोणी कामावर येईनासा झाला, कोणी बोलेनासा झाला, तर शिक्का मारण्याआधी त्याच्याजवळ बसून एक प्रश्न जरूर विचारा. आम्ही तो तीन महिने उशिरा विचारला.