शब्द पोर्तुगीज, वाक्य मराठी

नाशिकमधल्या आमच्या द्वारकेच्या चौकात एका रिक्षात अहिराणी, हिंदी आणि नाशिकची मराठी दाटीवाटीनं बसते. 'ही कसली भाषा, नुसती भेसळ!' म्हणणारा एखादा सद्गृहस्थ तिथं भेटतोच. त्याला मी कोर्लईला जायला सांगतो.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की रायगड जिल्ह्यातलं हे गाव लागतं. तिथं चर्चजवळच्या ओट्यावर दोन बायका वाल सोलत गप्पा मारत होत्या. शब्द कळेनात, पण ठेका ओळखीचा. क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं! मला पाहताच एकीनं स्वच्छ मराठीत विचारलं, "कुठनं आलात, दादा?"

त्यांची ती नोलिंग, म्हणजे 'आपली भाषा'. 1521 साली पोर्तुगीजांनी चौलला किल्ला बांधायला घेतला. त्यांचे शिपाई, इथल्या बायका, नवख्रिस्ती कष्टकरी यांच्या व्यवहारातून ती घडली. शब्द बहुतेक पोर्तुगीज. पण मी, तू, तो यांप्रमाणे बदलणारी क्रियापदाची रूपं गळाली आणि वाक्याची घडण मराठीच्या वळणावर गेली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं 1996 साली तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. भेसळीला व्याकरण नसतं, हिला आहे.

1740 साली हा मुलूख मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, भाषा राहिली. धर्मानं ही माणसं शेजारच्या हिंदूंपासून वेगळी आणि जातीमुळे वरच्या ख्रिस्ती घरांपासूनही दूर. सोयरिकी गावातल्या गावात. भाषा टिकली त्यात या दुराव्याचाही हात आहे, हे कौतुक करताना विसरू नये.

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची सारामाकन भाषा याच जातकुळीची. मळ्यांतून रानात पळालेल्या आफ्रिकी गुलामांनी ती घडवली. इंग्रजी, पोर्तुगीज आणि आफ्रिकी शब्द घेऊन. सूर चढला-उतरला की अर्थ बदलतो. या लोकांनी तिथल्या डच सत्तेला असं जेरीस आणलं की 1762 साली तह करावा लागला. बाकीच्या गुलामांना कायद्यानं मुक्ती मिळाली ती थेट 1863 साली.

कोर्लईकरांच्या वाट्याला तसला तह नाही. नोलिंग बोलणारे जेमतेम हजारभर. शाळा मराठीत, प्रार्थना मराठीत, नोकरी मुंबईला. आणि आपण पर्यटक? किल्ला, दीपगृह, फोटो, की निघालो मुरुडला, मासे खायला.