सातशे डॉलर आणि सात डॉलर

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ‘वैकल्पिक खर्च’ ही संकल्पना शिकविताना पाठ्यपुस्तकातील ठरावीक उदाहरण दिले जाते. शेतकऱ्याने गहू पिकविला. त्याच जमिनीत कापूस घेतला असता तर जे उत्पन्न मिळाले असते, तो झाला गव्हाचा वैकल्पिक खर्च. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि विसरतात. प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे ह्याऐवजी एका अमेरिकन चरित्र-अभिनेत्रीचे उदाहरण देत आला आहे. हॅटी मॅक्डॅनियल हे त्यांचे नाव. पडद्यावर मोलकरणीची कामे का करता, असे विचारणाऱ्यांना त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. मोलकरणीची भूमिका करून आठवड्याला सातशे डॉलर मिळत असतील तर तक्रार कशाला करायची. नाही तर खरीखुरी मोलकरीण होऊन सात डॉलर मिळवावे लागतील, असा त्या उत्तराचा आशय होता.

उत्तर ऐकून वर्ग हसतो. संकल्पना मात्र पक्की समजते. एके वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उठून विचारले, “सर, पण तिच्यापुढे हे दोनच पर्याय कोणी ठेवले?” त्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हते. प्रस्तुत लेखाचे निमित्त तो प्रश्न आहे.

गुलामाची कन्या

हॅटी मॅक्डॅनियल यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, कॅन्सस राज्यातील विचिटा येथे झाला. तेरा भावंडांत त्या धाकट्या. वडील जन्माने गुलाम. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यातून लढले आणि त्या सेवेच्या निवृत्तिवेतनासाठी पुढे त्यांना वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घालावे लागले. बालपण डेन्व्हरमध्ये गेले. गाणे, नकला, फिरत्या नाटक-मंडळ्या ह्यांतून हॅटी यांची उमेदवारी झाली. डेन्व्हरच्या आकाशवाणी केंद्रावरून त्या गायल्या. त्यांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. तेवढ्यात १९२९ चे आर्थिक अरिष्ट कोसळले आणि करमणुकीचा धंदा बसला. मिलवॉकी शहरातील एका क्लबात स्त्रियांच्या प्रसाधनगृहाची देखभाल करण्याची नोकरी त्यांना पत्करावी लागली. त्याच क्लबात पुढे त्यांना गाण्याची संधी मिळाली, हा त्यांच्या जिद्दीचा भाग.

१९३१ मध्ये त्या लॉस एंजेलिसला आल्या. चित्रपटात काम मिळेल तेव्हा पडद्यावरची मोलकरीण आणि न मिळेल तेव्हा कोणाच्या घरची खरी मोलकरीण, असा आरंभीचा क्रम होता. सात डॉलरचा हिशेब अशा रीतीने अनुभवातून आलेला होता. जॉन फोर्ड यांचा ‘जज प्रीस्ट’ (१९३४), ‘अ‍ॅलिस अ‍ॅडम्स’ (१९३५), ‘शो बोट’ (१९३६) ह्या चित्रपटांनी त्यांचे नाव झाले. ‘अ‍ॅलिस अ‍ॅडम्स’मधील मेजवानीच्या प्रसंगात, च्युइंगम चघळत, मालकांच्या खोट्या थाटाकडे तुच्छतेने पाहत वाढणारी त्यांची स्वयंपाकीण पाहावी. तोंडून फारसे शब्द न काढता त्या संपूर्ण मेजवानीचे वाभाडे काढतात. चरित्र-अभिनेत्याचे सामर्थ्य ह्यातच असते. कथा दुसऱ्याची, प्रकाशझोत दुसऱ्यावर. आणि तरी प्रेक्षक घरी जाताना सोबत नेतो तो ह्याचा चेहरा.

भिंतीलगतचे टेबल

डेव्हिड सेल्झनिक यांच्या ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) मधील मॅमी ही त्यांची सर्वश्रुत भूमिका. गुलामगिरीच्या काळातील दक्षिणेचे गोडवे गाणाऱ्या ह्या चित्रपटात, ती गुलामगिरी मोडण्यासाठी लढलेल्या सैनिकाच्या कन्येने मालकिणीवर जीव टाकणारी गुलाम स्त्री रंगवावी, हा विरोधाभास लहान नव्हे. १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा येथे चित्रपटाचा थाटाचा पहिला खेळ झाला. जॉर्जिया राज्यात वर्णभेदाचे कायदे जारी असल्याने हॅटी यांना तेथे जाता आले नाही.

२९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलातील ‘कोकोनट ग्रोव्ह’ दालनात ऑस्कर पारितोषिकांचा समारंभ झाला. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. सेल्झनिक यांना त्यासाठी खास परवानगी मिळवावी लागली. चित्रपटातील अन्य कलावंत एका टेबलाशी आणि हॅटी भिंतीलगतच्या एका लहान टेबलाशी, अशी व्यवस्था होती. सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक त्यांना जाहीर झाले. त्याच चित्रपटातील ऑलिव्हिया द हॅविलंड ह्याही स्पर्धेत होत्या. ऑस्कर मिळविणाऱ्या हॅटी ह्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. टाळ्यांच्या गजरात त्या व्यासपीठावर गेल्या, आपण आपल्या वंशाला व चित्रपटव्यवसायाला सदैव भूषण ठरू अशी आशा त्यांनी गहिवरून व्यक्त केली आणि त्या पुन्हा त्याच भिंतीकडे परतल्या.

त्यानंतर त्यांच्याकडे भूमिका आल्या त्या बहुतांशी मोलकरणींच्याच. दुसऱ्या एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीला अभिनयाचे ऑस्कर मिळण्यास १९९१ साल उजाडावे लागले. त्या स्त्रीचे नाव हूपी गोल्डबर्ग.

बाजारपेठ निःपक्षपाती असते काय?

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे सचिव वॉल्टर व्हाइट ह्यांचा अशा भूमिकांवर कडक आक्षेप होता. पडद्यावरील हसतमुख मोलकरीण पाहून लक्षावधी गोऱ्या प्रेक्षकांची समजूत दृढ होते की, हीच ह्या लोकांची जागा आणि ह्यातच ते सुखी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. उलटपक्षी, हॅटी यांचे म्हणणेही खोटे नव्हते. भूमिका नाकारून त्यांना सन्मानाची दुसरी भूमिका मिळणार नव्हती. एका व्यक्तीच्या दृष्टीने जी निवड पूर्णतः विवेकी, तीच समाजाच्या दृष्टीने हानिकारक असू शकते, ही गोष्ट अर्थशास्त्राला अपरिचित नाही.

आमच्या शास्त्रातील काही पंडितांचे मत असे की, मुक्त स्पर्धेत भेदभाव फार काळ टिकत नाही. गॅरी बेकर यांचा भेदभावाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. भेदभाव करणारा मालक आपल्या पूर्वग्रहाची किंमत मोजतो, असे त्यांनी दाखविले. त्यावरून पुढे असा निष्कर्ष काढण्यात आला की, पूर्वग्रह नसलेला मालक स्वस्तात गुणी माणसे मिळवील आणि भेदभाव करणाऱ्यास बाजारातून उठवील. हॉलिवुडात असे का घडले नाही? कारण तेथे पूर्वग्रह केवळ मालकाच्या मनात नव्हता. तो तिकीट काढणाऱ्या ग्राहकाच्या मनात होता. दक्षिणेतील चित्रपटगृहांचे उत्पन्न बुडू नये म्हणून लीना हॉर्न यांची गाणी अशा बेताने चित्रित केली जात की, तिकडे ती सहज वगळता यावीत. ग्राहकच पूर्वग्रहदूषित असला की भेदभावातून तोटा होत नाही, नफा होतो. बाजारपेठ अशा वेळी पूर्वग्रह दूर करीत नाही. त्याची इमानेइतबारे सेवा करते.

जेथे वाव मिळाला तेथे

हॅटी मॅक्डॅनियल यांना ‘परिस्थितीशी जुळवून घेणारी’ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी त्यांच्या आयुष्यातील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, १९४७ साली ‘ब्यूला’ ह्या नभोवाणी-मालिकेची प्रमुख भूमिका त्यांच्याकडे आली तेव्हाची. भूमिका मोलकरणीचीच होती. पण आता सौदा करण्याची शक्ती हाती होती. मोडक्यातोडक्या बोलीत संवाद म्हणणार नाही, ही अट त्यांनी मान्य करून घेतली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स भागात, ‘शुगर हिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत त्यांनी घर घेतले. तेथील खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकू नये, अशी अट होती. काही गोऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. एथेल वॉटर्स, लुईझ बीव्हर्स ह्या सहकारी अभिनेत्रीही त्यात प्रतिवादी होत्या. हॅटी यांनी शेजाऱ्यांना एकत्र केले. लॉरेन मिलर ह्या कृष्णवर्णीय वकिलांनी बाजू मांडली. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन दावा फेटाळला. अशा अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी करता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात दिला तो १९४८ साली, म्हणजे त्यानंतर. पारितोषिकाने जी जागा दिली नाही, ती न्यायालयाने दिली. तीही निर्वेध राहिली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. १९६० च्या दशकात सांता मोनिका महामार्ग त्या वस्तीच्या मधूनच नेण्यात आला.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी कर्करोगाने हॅटी यांचे निधन झाले. हॉलिवुडच्या दफनभूमीत चिरविश्रांती मिळावी, ही त्यांची इच्छा होती. वर्णाच्या कारणाने तेथे नकार मिळाला आणि रोझडेल दफनभूमीत त्यांचा अंत्यविधी झाला. मागे राहिलेली मालमत्ता दहा हजार डॉलरहूनही कमी भरली. करखात्याचे मागणे त्याहून अधिक होते. ऑस्करचे मानचिन्ह त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाला मिळावे म्हणून लिहून ठेवले होते. ते तेथे पोहोचले आणि पुढे नाहीसे झाले. हॉलिवुडच्या त्याच दफनभूमीत १९९९ साली त्यांचे स्मारक उभारण्यात आले. २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्कर अकादमीने हॉवर्ड विद्यापीठाला नवे मानचिन्ह समारंभपूर्वक दिले. मृत्यूनंतर एकाहत्तर वर्षांनी!

मागच्या बाकावरील त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे आता वळू. हॅटी यांच्यापुढचे पर्याय ठरविले ते चित्रपटगृहांच्या मालकांनी, हॉटेलांच्या नियमांनी, खरेदीखतांतील अटींनी आणि तिकीट काढून हसणाऱ्या प्रेक्षकांनी. ह्यांपैकी कोणाचेही नाव वैकल्पिक खर्चाच्या समीकरणात येत नाही. तेथे दिसतात दोन आकडे, सातशे आणि सात. व मनुष्याने मोठा आकडा निवडला की त्यास ‘स्वेच्छेची निवड’ म्हणून शास्त्र मोकळे होते. निवडणाऱ्याला दोष देणे सोपे असते, त्याची प्रशंसा करणेही सोपे असते. दोहोंतही मूळ प्रश्न टळतो. यंदा वर्गात हे उदाहरण देताना आकड्यांआधी भिंतीलगतच्या त्या टेबलाची हकीकत सांगावी, असे प्रस्तुत लेखकाने ठरविले आहे.