लुकलुकणारी मोटारसायकल आणि उसाची अंधारी ट्रॉली
— ऊस विकास अधिकारी



या अंकात खरे तर खोडव्याच्या निगेवर लिहायचे आम्ही ठरविले होते. पण गेल्या महिन्यात गटातल्या एका गावी चर्चासत्राला गेलो असता एका सभासदाच्या मुलाने आपली मोटारसायकल आम्हाला कौतुकाने दाखविली. पुढे पांढरे, मागे लाल-निळे असे छोटे दिवे बसविलेले. बटण दाबले की लुकलुक सुरू! वडील म्हणाले, "लाईन रात्रीचीच असते साहेब. पोरगा पाणी द्यायले जाते. लांबून दिसला पाहिजे ना!"

बापाची काळजी आम्हाला शंभर टक्के पटली. दिवे मात्र पटले नाहीत. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

मोटारसायकल का दिसत नाही?

अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजेलिस भागातील ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ साली अहवाल दिला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश टकरींत चूक त्या दुसऱ्या वाहनवाल्याची होती. त्याला मोटारसायकल दिसलीच नव्हती, किंवा दिसली तेव्हा वेळ निघून गेली होती. समोरून मोटारसायकल म्हणजे हातभर रुंदीची वस्तू. लहान वस्तू डोळ्याला आहे त्यापेक्षा लांब आणि संथ वाटते. "अजून लांब आहे" म्हणून जीपवाला वळण घेतो, आणि घात होतो.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत शंभरामागे चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. तेव्हा दिसणे ही हौस नव्हे, गरज आहे.

मग लुकलुक का नको?

दिवसाची गोष्ट वेगळी. अमेरिकेत मोटारसायकलचा पुढचा दिवा दिवसा मंद-प्रखर होत राहील असे यंत्र बसवायला परवानगी आहे. वेग मिनिटाला सुमारे २४० वेळा. पण अंधार पडला की ते आपोआप बंद झाले पाहिजे, अशी तिथेही अट आहे. रात्री स्थिर दिव्यावरून समोरच्याला अंतराचा अंदाज येतो. दिवा लागतो-विझतो तेव्हा वाहन आहे हे कळते, पण किती लांब आणि किती वेगात, ते नीट कळत नाही. शिवाय साइड दाखविणारा दिवाही लुकलुकणाराच. सगळेच लुकलुकू लागले तर तुम्ही वळणार आहात हे मागच्याने ओळखायचे कशावरून?

कायद्याचेही पाहा. लाल-निळे बहुरंगी दिवे पोलीस, अग्निशमन अशा तातडीच्या सेवांसाठी राखलेले आहेत. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा २०१७ साली उतरले; तिथे आपल्या मोटारसायकलवर कोण चालू देईल?

आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. सुरुवातीला समोरून येणारा जो तो हाताची बोटे उघडून-मिटून "दिवा चालू राहिला" म्हणून सांगायचा! तो राहिलेला नसून मुद्दाम ठेवलेला आहे. जुनी गाडी असेल त्याने दिवसाही तो हाताने लावावा. न्यूझीलंडच्या ऑकलंड भागातील एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दिवसा दिवा लावणाऱ्यांना अपघातात जखमी होण्याचा धोका २७ टक्के, चमकणारे कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्के, आणि काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट वापरणाऱ्यांना २४ टक्के कमी आढळला. म्हणजे बॅटरी न लागणाऱ्या वस्तूंनीही मोठे काम होते.

आता आमची बाजू

सभासदांना उपदेश करून आम्ही मोकळे झालो तर ते लबाडीचे होईल.

दोन हंगामांपूर्वी जानेवारीत तोडणी पाहून रात्री नऊच्या सुमारास आम्ही उमरखेडकडे परत येत होतो. समोरून ट्रक आला, डोळे दिपले. ट्रक गेला आणि पुढ्यात एकदम उसाची भिंत! गाडी बाजूच्या मुरमात घातली म्हणून वाचलो, गुडघा फुटला. ट्रॉलीचे टायर बसले होते. चाकाला दगड, मागे निंबाची एक फांदी. चालक म्हणाला, "काय करू साहेब, दिव्याची वायरच तुटली ना!" वायर धड असती तरी दिवा दिसला नसता, कारण मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी तो झाकला होता.

त्या ट्रॉलीची तोडणी चिठ्ठी आमच्याच सहीची होती. ऊस ताजा यावा, उतारा घसरू नये म्हणून रात्रंदिवस गाड्या पळवा असे सांगणारेही आम्हीच. त्या रात्री आमच्या मोटारसायकलला दहा लुकलुकणारे दिवे असते तरी काय उपयोग होता? दिसायला हवी होती ती ट्रॉली.

हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ५५ फूट जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ८२ फूट. पुढे गाडी थांबायला आणखी ६५ फूट तरी लागतात. चार फुटी सरीच्या हिशेबाने ३७ सऱ्या झाल्या. डिपरच्या उजेडात एवढ्या लांबची काळी वस्तू जेमतेमच दिसते. चमकपट्टी मात्र आलेला उजेड आला तिकडेच परत फेकते, म्हणून ती कितीतरी आधी दिसते. तिला ना वायर, ना बॅटरी.

पूर्वी बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगल्याशिवाय जाणता गाडीवान रात्री निघत नसे. गाडीची ट्रॉली झाली, एकाची दोन झाली, आणि कंदील तेवढा मागे राहिला.

हंगामापूर्वी एवढे करू या

१. ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी चमकपट्टी लावावी. ती रोज फडक्याने पुसावी. पाचटाची धूळ बसली की पट्टी असून नसल्यासारखी.

२. भरताना वाढे मागच्या दिव्यावर व पट्टीवर लोंबू देऊ नयेत.

३. ट्रॉली बंद पडली तर रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि चमकणारा त्रिकोण निदान दीडशे फूट मागे ठेवावा. फांदी रात्री चमकत नाही. लुकलुकणाऱ्या दिव्याची खरी जागा इथे, थांबलेल्या वाहनावर आहे. निघताना चाकाचे दगड उचलून बाजूला टाकावेत. मागून येणारी मोटारसायकल त्यांवरच उलटते.

४. दुचाकीवर दुधाच्या कॅन, वैरणीचा भारा बांधला की मागचा दिवा झाकतो. भाऱ्याच्या मागेच पट्टीचा तुकडा बांधावा. हेल्मेट शक्यतो पांढरे घ्यावे व त्यावरही पट्टी लावावी.

येत्या हंगामात ज्या ट्रॉलीला मागे पट्टी नाही तिला तोडणी चिठ्ठी देऊ नये, असा प्रस्ताव आम्ही व्यवस्थापनापुढे ठेवला आहे. काही वाहतूकदार रागावतील, ऊस एखादा दिवस थांबेल, सभासदही आम्हालाच बोलतील. ते बोलणे आम्ही ऐकून घेऊ. रात्री पाणी द्यायला जाणारा पोरगा घरी परत आला पाहिजे.

त्या मुलाने लाल-निळे दिवे काढले की नाही, ते पुढच्या फेरीत पाहूच. त्याच्यासाठी पट्टीचा एक तुकडा आम्ही पिशवीत टाकून ठेवला आहे.